मुलांचे वजन आणि आहारातील चोथा: बेळगाव सीमाभागातील पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात एकाच गल्लीत दोन तऱ्हेच्या आया भेटतात. एकीचे मूल दहाव्या वर्षीच बापाच्या मापाचा शर्ट घालू लागलेले असते, तर दुसरीच्या मुलाच्या फासळ्या मोजता येतात. “याला भाकरी-उसळ जास्त द्यायची का?” हा प्रश्न मात्र दोघीही विचारतात, आणि दोघींना एकच उत्तर देता येत नाही. पुढील प्रश्नोत्तरे दोघींसाठी आहेत.

तंतुमय पदार्थ म्हणजे नेमके काय? आपण चोथा म्हणतो तेच का ते?

बहुतांशी तेच. वनस्पतीपासून मिळणाऱ्या अन्नाचा जो भाग आपल्या पाचकरसांना फोडता येत नाही आणि त्यामुळे लहान आतड्यात न पचता मोठ्या आतड्यापर्यंत पोहोचतो, त्याला तंतुमय पदार्थ म्हणतात. उसाचे कांडे चघळून झाल्यावर तोंडात जे उरते, तो त्याचा डोळ्यांना दिसणारा नमुना होय. सगळे तंतू मात्र असे दोरीसारखे नसतात. पेरूच्या गरातील पेक्टिन, भेंडी चिरताना सुरीला लागणारा बुळबुळीतपणा हेही तंतूच आहेत. ते पाण्यात फुगतात किंवा विरघळतात, एवढाच फरक. दूध, अंडी, मासे, मटण, तूप आणि साखर यांत तंतू अजिबात नसतात. सरकारी दवाखान्यात किंवा अंगणवाडीत कन्नडमधून “नारु” किंवा “नारिनंश” हा शब्द कानावर पडतो आणि पाकिटावर “डाएटरी फायबर” असे छापलेले असते; तिन्हींचा अर्थ एकच.

जे पचतच नाही, त्याचा मुलाच्या शरीराला उपयोग काय?

आपल्याला पचत नसले तरी मोठ्या आतड्यातील जिवाणूंना त्यातील बराचसा भाग पचतो. तो आंबवून ते लहान साखळीची मेदाम्ले तयार करतात. त्यांतील ब्युटिरेट हे आतड्याच्या अस्तरातील पेशींचे आवडते इंधन आहे. या आंबण्यातून शरीराला थोडी ऊर्जाही मिळते, आंबणाऱ्या तंतूंच्या दर ग्रॅममागे साधारण २ किलोकॅलरी. जो भाग आंबत नाही, तो पाणी धरून ठेवतो आणि मल मऊ व भरीव करतो.

या विषयाकडे जगाचे लक्ष वेधणाऱ्यांत डेनिस बर्किट हे आयरिश शल्यचिकित्सक अग्रभागी होते. युगांडात अनेक वर्षे काम केल्यानंतर १९७२ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह असे मांडले की, भरपूर चोथा खाणाऱ्या ग्रामीण आफ्रिकी लोकांचे अन्न आतड्यातून लवकर पुढे सरकते आणि त्यांच्या मलाचे वजनही ब्रिटनमधील लोकांपेक्षा कितीतरी जास्त असते. पुढे त्यांनी अनेक आजारांचा दोष चोथ्याच्या अभावावर टाकला. त्यातील काही अनुमाने टिकली, काही टिकली नाहीत. आमच्याकडे जोंधळ्याची भाकरी खाऊन सकाळी लोटा घेऊन निघालेल्या आजोबांना हे कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती, हा भाग वेगळा.

चोथा जास्त खाल्ल्याने मुलाचे वजन कमी होते का?

थेट “होय” असे म्हणता येत नाही, आणि जो तसे म्हणतो त्याच्याकडे बहुधा एखादा डबा विकायला असतो.

चोथ्याचे काम कसे चालते ते आधी पाहू. भाकरी चावावी लागते, त्यामुळे जेवण सावकाश होते. चोथा पाणी शोषून जठरात जागा व्यापतो, त्यामुळे कमी ऊर्जेत पोट भरल्यासारखे वाटते. पेक्टिनसारखे चिकट तंतू जठर रिकामे होण्याचा वेग मंदावतात आणि रक्तातील साखर एकदम चढू देत नाहीत. आंबण्यातून तयार होणाऱ्या मेदाम्लांमुळे तृप्तीचा संकेत देणारी संप्रेरकेही आतड्यातून स्रवतात. हे सगळे खरे आहे. पण यांतील कोणतीही क्रिया साठलेली चरबी “जाळत” नाही.

आता पुराव्याकडे वळू. जी मुले जास्त चोथा खातात, त्यांच्यात लठ्ठपणा कमी आढळतो, असे काही पाहणी-अभ्यासांत दिसले आहे, तर काहींत असा संबंध दिसलेला नाही. शिवाय ज्या घरात रोज उसळ शिजते, त्या घरातील मूल पाकिटातले खारे पदार्थ कमी खाते, त्याची झोपही वेळेवर होत असेल. मग श्रेय उसळीचे किती आणि बाकीच्या गोष्टींचे किती, हे वेगळे काढणे कठीण जाते. प्रत्यक्ष प्रयोग थोडे आहेत. कॅनडात ७ ते १२ वर्षांच्या ४२ स्थूल मुलांना १६ आठवडे रोज ८ ग्रॅम इन्युलिन (पाण्यात विरघळणाऱ्या तंतूचे चूर्ण) किंवा तसेच दिसणारे निष्प्रभ चूर्ण देण्यात आले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात इन्युलिन घेणाऱ्या मुलांचे वयानुरूप वजन आणि शरीरातील चरबीचे प्रमाण दुसऱ्या गटाच्या तुलनेत थोडे खाली आले. परिणाम चांगला होता, पण मुले ४२ आणि काळ चार महिने. त्याआधी २००९ मध्ये लॉस एंजेलिस येथील स्थूल किशोरवयीनांच्या एका अभ्यासात, ज्यांनी रोजच्या आहारात सरासरी ५ ग्रॅम तंतू वाढवले, त्यांच्या पोटाच्या आतील चरबीत सरासरी १० टक्के घट दिसली. पाच ग्रॅम म्हणजे अख्ख्या मसुराची वाटीभर आमटी. हा दुसरा अभ्यास मला जास्त भावतो, कारण तो डब्यातील चूर्णाचा नसून जेवणाचा आहे.

माझे मत असे, की चोथा हे वजनावरचे औषध नव्हे. तो ताटातली जागा अडवतो. ती जागा पूर्वी बेकरीतले बटर, खारी, गोबी मंचुरी आणि गोड पेये घेत असतील, तर ती अडवली गेल्याने मुलाचा फायदाच होतो. तीच जागा तूप, अंडे, शेंगदाणे घेत असतील आणि मूल मुळातच अशक्त असेल, तर त्याच चोथ्याने नुकसान होते.

माझ्या मुलाचे वजन खरोखर जास्त आहे की नाही, हे घरी कसे ओळखावे?

नजरेने ओळखू नये. आजीला प्रत्येक नातू वाळलेला दिसतो. पाच वर्षांखालील मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेचे २००६ चे वाढीचे तक्ते वापरले जातात. ५ ते १८ वर्षांच्या मुलांसाठी भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ मध्ये आपल्या मुलांचे तक्ते प्रसिद्ध केले आहेत. त्यांत मुलाचा बीएमआय (किलोतील वजन भागिले मीटरमधील उंचीचा वर्ग) वयाप्रमाणे रेषेवर मांडतात आणि प्रौढांच्या २३ व २७ या आकड्यांशी जुळणाऱ्या रेषांवरून अतिवजन व लठ्ठपणा ठरवतात. प्रौढांचा बीएमआय मुलाला थेट लावणे चूक आहे. एका दिवसाच्या मोजमापापेक्षा सहा महिन्यांत रेषा कोणीकडे वळली, हे महत्त्वाचे असते. म्हणून गरोदरपणी मिळालेले तायी कार्ड (आई-बाळाच्या आरोग्याच्या नोंदींचे सरकारी कार्ड) प्रसूतीनंतर ट्रंकेच्या तळाशी टाकू नये. वाढत्या वयातील जाड मुलाच्या बाबतीत वजन उतरवणे हे बहुतेक वेळा उद्दिष्टच नसते; वजन आहे तिथे थांबले आणि उंची वाढत राहिली, की रेषा आपोआप खाली येते.

दिवसाला किती तंतुमय पदार्थ हवेत?

जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये दिलेल्या शिफारशीनुसार २ ते ५ वर्षांच्या मुलाला रोज किमान १५ ग्रॅम, ६ ते ९ वर्षांच्या मुलाला किमान २१ ग्रॅम आणि १० वर्षांपासून पुढे किमान २५ ग्रॅम नैसर्गिक अन्नातील तंतू मिळावेत. त्याच शिफारशीत भाज्या व फळे मिळून अनुक्रमे २५०, ३५० आणि ४०० ग्रॅम असे प्रमाण आहे. युरोपातील संस्थेने सांगितलेले आकडे याहून कमी आहेत आणि अमेरिकेतील जास्त, त्यामुळे एकेका ग्रॅमसाठी जीव टाकण्याचे कारण नाही. अमेरिकेत १९९५ पासून एक सोपा हिशेब रूढ आहे: तीन वर्षांपुढील मुलाच्या वयात पाच मिळवावेत, तेवढे ग्रॅम किमान, दहा मिळवल्यास येणारा आकडा ही वरची मर्यादा. सात वर्षांच्या मुलासाठी ते १२ ते १७ होते. आज ज्याच्या पोटात दिवसाला आठ ग्रॅमही जात नाहीत, त्याने आधी हा १२ चा आकडा गाठावा आणि मग २१ कडे पाहावे.

हे ग्रॅम आमच्या ताटात कसे दिसतात?

सात वर्षांच्या एका मुलीचे दोन दिवस शेजारी शेजारी मांडून पाहू.

पहिल्या दिवशी सकाळी चहाबरोबर दोन बटर. शाळेच्या डब्यात पावाच्या दोन चकत्यांना जाम. दुपारी पांढरा भात आणि पातळ वरण. संध्याकाळी चिरमुऱ्यांचा भडंग. रात्री पुन्हा भात, त्यावर दही, आणि झोपताना एक केळे. पोट दिवसभर भरलेले आहे. मैद्यात १०० ग्रॅममागे तीन ग्रॅमच्या आसपास तंतू असतात, सडून पांढऱ्या केलेल्या तांदळातही तितकेच, आणि पिकलेल्या केळ्यात सुमारे दोन. पातळ वरणातील डाळ जेमतेम दोन चमचे. सगळे जोडले तरी दिवसाचा आकडा आठ-नऊच्या पुढे जात नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी जोंधळ्याची एक मध्यम भाकरी आहे. तिला ५० ग्रॅम पीठ लागते आणि जोंधळ्यात १०० ग्रॅममागे सुमारे दहा ग्रॅम तंतू असतात, म्हणजे भाकरीतून पाच आले. तिच्यासोबत अख्ख्या मसुराची आमटी. तीत ३० ग्रॅम सुका मसूर गेला असेल तर त्याचे आणखी पाच, कारण सालीसकट मसुरात १०० ग्रॅममागे सतरा ग्रॅमपर्यंत तंतू असतात. मेथीची भाजी दोन-तीन ग्रॅम देते. संध्याकाळी बिया न काढता खाल्लेला मध्यम पेरू एकटा आठ ग्रॅमच्या आसपास देऊन जातो. रात्रीचा वाटीभर भात दीड ग्रॅम. हा दिवस २१ च्या पुढे गेला, आणि यात बाहेरगावाहून मागवलेले काहीही नाही.

एक सूचना. वरील आकडे कोरड्या धान्याचे आहेत. शिजल्यावर मसूर पाणी पिऊन फुगतो, म्हणून वाटीभर शिजलेल्या उसळीचे वजन करून त्यावर सतरा टक्के लावले, तर हिशेब फसतो.

खानापूरकडे आम्ही दोन्ही वेळा भातच जेवतो. भात बंद करावा का?

बंद करण्याची गरज नाही. ज्या तालुक्यात पाऊस कोसळतो आणि भातच पिकतो, तिथल्या मुलाला जोंधळ्याची सक्ती करणे म्हणजे त्याला जेवणाचाच कंटाळा आणणे आहे. भाताचा ढीग एक पळीने कमी करावा आणि त्या जागी कुळीथ, पावटा, वाटाणा किंवा मसूर घट्ट करून वाढावा. आमटी ही भात भिजवण्यापुरती नसून खाण्याची गोष्ट आहे, असे ताटात दिसले पाहिजे. उकडा किंवा कमी पॉलिशचा तांदूळ मिळत असेल तर तो थोडा सरस. हातसडीच्या तांदळात पांढऱ्या तांदळाच्या दीडपट तंतू असतात, तरीही ते १०० ग्रॅममागे साडेचारच्या आतच. खरा फरक नाचणीने पडतो. आठवड्यातून तीन वेळा नाचणीची भाकरी किंवा आंबील झाली, तर तंतूंबरोबर कॅल्शियमही मिळते.

चपातीचे पीठ चाळून घ्यावे की न चाळता?

गिरणीतून दळून आणलेल्या अख्ख्या गव्हाच्या पिठात १०० ग्रॅममागे सुमारे ११ ग्रॅम तंतू असतात. ते मैद्याच्या चाळणीने चाळले, की कोंडा चाळणीत उरतो आणि गोठ्यात जातो. म्हणजे घरात सर्वांत चांगले पोट म्हशीचे साफ होते. खडे, किडे आणि जाडे तूस काढण्यापुरती मोठ्या छिद्रांची चाळण पुरेशी आहे. न चाळलेले पीठ अर्धा तास भिजवून मळले तर चपाती वातड होत नाही.

आमचे मूल फार बारीक आहे. त्यालाही चोथा वाढवून द्यावा का?

नाही, निदान आधी तो नव्हे. या प्रश्नावर थोडे थांबावे लागेल, कारण आपल्याकडे आहाराविषयीचे बरेचसे लेखन शहरातील जाड मुलांना समोर ठेवून होते आणि ते वाचून गावाकडील अशक्त मुलालाही कोंड्याची भाकरी खाऊ घातली जाते.

२०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार कर्नाटकातील पाच वर्षांखालील ३५.४ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने खुजी होती आणि ३२.९ टक्के मुलांचे वजन वयाच्या मानाने कमी होते. त्याच वयोगटात अतिवजन असलेली मुले ३.२ टक्के होती. म्हणजे अंगणवाडीच्या वयात आपला मोठा प्रश्न अजूनही उपाशीपोटाचा आहे.

दहा किलोच्या मुलाच्या जठरात एका वेळी साधारण ३०० मिलिलिटर अन्न मावते. ही जागा पातळ पेजेने किंवा नुसत्या पालेभाजीने भरली, तर पोट टम्म दिसते, मूल “नको” म्हणते आणि ऊर्जा मात्र अपुरी राहते. अशा मुलाच्या घासाघासात ऊर्जा दडलेली असावी लागते: भाकरी कुस्करून तिच्यावर तूप किंवा घाण्याचे तेल, भाजीत शेंगदाण्याचा कूट, मऊ भातात घोटलेली मूगडाळ आणि अंडे, मधल्या वेळी केळे किंवा उकडलेले रताळे दुधात कुस्करून. यात चोथा आहेच, पण तो चालक नाही, मागे बसलेला आहे.

दुसरी बाब लोहाची. धान्य-कडधान्याच्या सालीत चोथ्याबरोबर फायटेट असते आणि ते लोह व जस्त यांना बांधून ठेवते. आपल्या आज्यांनी यावर तोडगा काढलेलाच आहे: मटकी-हुलगे भिजवून मोड आणणे, नाचणीचे पीठ रात्रभर आंबवून आंबील करणे, इडलीचे पीठ फुगू देणे. या क्रियांनी फायटेट कमी होते. उसळीवर लिंबू पिळल्यास लोह अधिक शोषले जाते. जेवणाबरोबर चहा दिल्यास मात्र ते कमी शोषले जाते, आणि आमच्या भागात तीन वर्षांच्या मुलालाही बशीत चहा मिळतो, ही खंत आहे.

सहा महिन्यांच्या बाळाला नाचणीचे सत्त्व द्यावे की अख्ख्या नाचणीचे पीठ?

सुरुवातीला सत्त्वच योग्य. नाचणी भिजवून, वाटून, पातळ सुती फडक्यातून गाळली की साल फडक्यात राहते आणि खाली मऊ सत्त्व बसते. या वयात तो चोथा वगळला गेला तरी बिघडत नाही. एक वर्षाखालील बाळासाठी तंतूंचे वेगळे प्रमाण सांगितले जात नाही. आठव्या-नवव्या महिन्यापासून मोड आणून, वाळवून, भाजून दळलेल्या नाचणीचे पीठ थोडे थोडे वापरावे. स्तनपान अर्थातच चालू ठेवावे.

मुलाला शौचाला खडा होतो. हे वजनाशी संबंधित आहे का?

दोन्ही गोष्टी एकाच मुलात पुष्कळदा आढळतात, कारण दोघींच्या मुळाशी असलेला आहार सारखा असतो. एकीमुळेच दुसरी होते असे मात्र सिद्ध झालेले नाही. बद्धकोष्ठाच्या मुलाला त्याच्या वयाला साजेसा चोथा मिळतो आहे का, हे जरूर पाहावे. त्याच्या वर चोथ्याचा डोंगर रचल्याने अधिक लाभ होतो असे बालरोगतज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचना सांगत नाहीत. आतड्यात कठीण मल आधीच अडकला असेल तर वरून कोंडा घालणे म्हणजे तुंबलेल्या गटारात पाचोळा टाकणे आहे. आधी डॉक्टरांच्या औषधाने ते मोकळे करून घ्यावे लागते.

दिवसाला अर्ध्या लिटरहून पुष्कळ जास्त दूध पिणाऱ्या मुलांत हा त्रास वारंवार दिसतो, कारण दुधाने पोट भरते आणि जेवण मागे पडते. आणखी एक कारण आहारात नाहीच. शाळेतील शौचालय अस्वच्छ असेल, दाराला कडी नसेल, नळाला पाणी नसेल, तर मुले, विशेषतः मुली, दिवसभर आवरून धरतात आणि त्यासाठी पाणी पिणेच टाळतात. मुलीची पाण्याची बाटली संध्याकाळी भरलेलीच परत येत असेल, तर जोंधळ्याचा विचार करण्याआधी शाळेत जाऊन एकदा ते शौचालय पाहून यावे.

फळे नको म्हणते, रस पिते. चालेल का?

रसात साखर उतरते आणि चोथा गाळणीत राहतो, म्हणून चालणार नाही. रसवंतीवर उसाच्या चिपाडांचा ढीग पाहिला की हे वेगळे सांगावे लागत नाही. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्ये एक वर्षाखालील बाळाला फळांचा रस देऊच नये आणि एक ते तीन वर्षांपर्यंत दिवसाला १२० मिलिलिटरपेक्षा जास्त देऊ नये असे सांगितले आहे. जत्रेतला पेलाभर रस ही चैन मानावी, फळ नव्हे.

“हाय फायबर” असे लिहिलेली बिस्किटे द्यावीत का?

आपल्या देशातील नियमानुसार १०० ग्रॅममागे ६ ग्रॅम तंतू असले की तसा दावा करता येतो. चार बिस्किटांचे वजन ३० ते ४० ग्रॅम धरले, तर त्यातून दोन-अडीच ग्रॅम मिळतील. पाकीट उलटे करून घटक वाचावेत. ते वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. पहिले नाव मैद्याचे आणि दुसरे-तिसरे साखरेचे व तेलाचे असेल, तर ती कोंडा शिंपडलेली गोड बिस्किटे आहेत. गोकाकचा करदंट आणि बेळगावचा कुंदा निदान आपण आरोग्यदायी आहोत असा दावा तरी करत नाहीत. ते सणाला खावेत आणि मोकळे व्हावे.

इसबगोल किंवा फायबरची पावडर मुलाला द्यावी का?

डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय देऊ नये. इसबगोल पाण्यात अनेक पटींनी फुगतो. पुरेशा पाण्याशिवाय घेतल्यास तो घशात किंवा आतड्यात अडकू शकतो.

मूल भाजीला हात लावत नाही. काय करावे?

सगळ्या भाज्यांशी एकाच वेळी लढू नये. कडधान्ये आणि अख्खी धान्ये बहुतेक मुले खातात आणि तंतूंचा मोठा वाटा तिथूनच येतो, त्यामुळे पालेभाजीवरून रोज ताट आपटण्याइतकी निकड नसते. मेथी किंवा शेपू बारीक चिरून थालीपिठात जातो. पुंडीची (अंबाडीची) भाजी मुलांना तिच्या आंबटपणामुळे आवडते, हा माझा अनुभव आहे. काऱ्हळाची किंवा जवसाची चटणी भाकरीला चोळून दिली तर तिच्यातूनही तंतू जातात. पावसाळा सरल्यावर बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागातील रताळी बाजारात येतात. ती सालीसकट उकडून द्यावीत. नवी चव मूल आठ-दहा वेळा नाकारते आणि मग कधीतरी, कोणी पाहत नसताना, खाते.

पाच वर्षांखालील मुलाला अख्खे शेंगदाणे, फुटाणे, कच्च्या गाजराचे जाड तुकडे देऊ नयेत. ते श्वासनलिकेत अडकतात. कूट करून किंवा शिजवून द्यावे.

शाळेतील बिसीऊट (दुपारचे गरम जेवण) पुरेसे असते का?

सरकारी शाळांतील मराठी माध्यमाच्या मुलांनाही हे जेवण मिळते. भात, डाळ-भाजीचे सांबार, ठरलेल्या दिवशी अंडे, आणि अंडे न खाणाऱ्याला केळे, असा त्याचा साचा आहे. अनेक मुलांसाठी दिवसातील ते सर्वांत भरवशाचे जेवण आहे, त्याला नावे ठेवू नयेत. चोथ्याची जी कसर राहते ती सकाळ-संध्याकाळी घरी भरून काढता येते. सांबारातील भाजी ताटाच्या कडेला काढून ठेवली जाते, एवढे शिक्षकांनी पाहिले तरी पुष्कळ.

चोथा वाढवला तर पोट फुगले, गॅस झाला. बंद करावा का?

एकदम वाढवला असावा. आमच्याच घरी एकदा उत्साहाच्या भरात सकाळी मोडाची मटकी, दुपारी हुलग्याचे माडगे आणि रात्री राजमा असा बेत झाला, आणि दुसऱ्या दिवशी मुलीने शाळेत जाण्यास नकार दिला. तिचे बरोबरच होते. आतड्यातील जिवाणूंना नव्या खाद्याची सवय होण्यास वेळ लागतो. दर तीन-चार दिवसांनी एकच पदार्थ वाढवत दोन-तीन आठवड्यांत इच्छित प्रमाणावर यावे. कडधान्ये रात्रभर भिजवून ते पाणी टाकून द्यावे, मऊ शिजवावीत, हिंग-जिऱ्याची फोडणी द्यावी आणि पिण्याचे पाणी वाढवावे.

डॉक्टरांना केव्हा दाखवावे?

वजनाची रेषा सहा महिन्यांत वाढीच्या तक्त्यावरील दोन पट्टे वर किंवा खाली ओलांडून गेली असेल. शौचातून रक्त जात असेल. पोट फुगून हिरवी उलटी होत असेल. जन्मापासूनच शौचाला त्रास असेल. किंवा शौचावर ताबा असलेले मूल पुन्हा चड्डी खराब करू लागले असेल, तर आहारात बदल करत बसू नये. शेवटच्या लक्षणाला मुले मार खातात, पण बहुधा आत अडकलेल्या कठीण मलाच्या कडेने पातळ मल झिरपत असतो आणि मुलाला ते कळतही नाही. जाड मुलाच्या मानेच्या मागे आणि काखेत मळासारखा काळा, मखमली पट्टा दिसला, तर तो घासून काढण्याच्या मागे लागू नये. ते इन्सुलिनचे काम नीट होत नसल्याचे लक्षण असू शकते आणि त्यासाठी रक्ततपासणी लागते. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, तर अंगणवाडी सेविकेच्या चिठ्ठीची वाट न पाहता त्याच दिवशी तालुका किंवा जिल्हा रुग्णालय गाठावे.